जबर छाटणीनंतर झाड पुन्हा सावरते का?

बेसुमार छाटणी झालेले झाड पाहवत नाही. काल जिथे दाट पानोरा होता तिथे आज एक जाड खोड आणि त्याला चिकटलेले चार-पाच बोडके सोट एवढेच उरलेले असते, आणि ज्याने ते झाड वर्षानुवर्षे पाहिलेले आहे त्याच्या मनात एकच प्रश्न येतो : हे आता जगेल का? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले असे, की झाडाला काही होत नाही, छाटणी म्हणजे केस कापण्यासारखे आहे आणि पुढच्या हंगामात ते पहिल्यापेक्षा दाट होईल. दुसरे असे, की आता ते संपले, मुळासकट काढून टाकावे. दोन्ही उत्तरे बहुधा त्या विशिष्ट झाडाकडे न पाहताच दिलेली असतात. त्यातही केसांची उपमा अधिक घातक आहे, कारण केस शरीराला अन्न पुरवत नाहीत. पाने झाडाला जे पुरवतात ते मात्र दुसरा कोणताही अवयव पुरवू शकत नाही.

महिना-दीड महिन्यात त्या सोटांवर पालवी फुटली की सगळेच सुटकेचा निःश्वास टाकतात. झाड वाचले, असे आपण म्हणतो. माझ्या मते गैरसमज नेमका येथेच होतो, आणि तो दूर करण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. पालवी फुटणे हा झाड जगल्याचा पुरावा नव्हे. शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा तोडून टाकलेला ओंडका कोपऱ्यात पडला असला तरी त्यालाही कोंब येतात. त्याला मुळे नसतात, त्याचे भवितव्यही ठरलेले असते, तरीही तो हिरवा होतो, कारण त्याच्या लाकडात पूर्वी साठवलेले अन्न शिल्लक असते आणि ते संपेपर्यंत कोंब वाढत राहतात. छाटलेल्या झाडाची पहिली पालवी काही अंशी याच जातीची असते. ती झाडाची कमाई नसते, तो झाडाचा खर्च असतो. म्हणून खरा प्रश्न पालवी फुटेल की नाही हा नसून, फुटलेली पालवी खर्च झालेला साठा वेळेत भरून काढेल की नाही हा आहे.

हा साठा म्हणजे काय ते थोडे सविस्तर पाहू. जमिनीत घातलेले खत हे झाडाचे अन्न, असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात मुळे पाणी आणि खनिजे घेतात, पण झाड ज्यावर जगते ती साखर पानांतच, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार होते. त्यातली बरीचशी श्वसनासाठी आणि वाढीसाठी खर्च होते आणि उरलेली स्टार्चच्या रूपात मुळांमध्ये, खोडात आणि फांद्यांमध्ये साठवली जाते. लाकडातील बहुतेक पेशी लाकूड तयार होतानाच मरतात. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे आणि आधाराचे काम करतात. पण त्यांच्यामध्ये जाळ्यासारख्या पसरलेल्या, मृदूतक नावाच्या जिवंत पेशी असतात, आणि हेच झाडाचे कोठार असते. (मुळाचा किंवा लाकडाचा ताजा पातळ काप घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि रंग निळसर काळा झाला, तर तेथे स्टार्च आहे असे समजते. झाडांचा अभ्यास करणारे ही साधी कसोटी वापरतात.)

जबर छाटणीत झाडाचे नुकसान एकाच वेळी अनेक बाजूंनी होते. पाने गेल्यामुळे आवक बंद होते. कापून नेलेल्या फांद्यांबरोबर त्यांच्यातला साठाही जातो. खर्च मात्र तसाच चालू राहतो, कारण मागे उरलेले खोड आणि संपूर्ण मुळांचा पसारा जिवंत असतो आणि श्वसन करीत असतो. येथे झाडाच्या वयाचा संबंध येतो. कोवळ्या झाडाचे खोड बारीक असते, त्याला पोसायला थोडी पाने पुरतात. मोठ्या, जुन्या झाडाच्या लाकडाचा पसारा प्रचंड असतो आणि त्याला जिवंत ठेवण्यासाठी लागणारे अन्न मूठभर नव्या पानांना पुरवता येत नाही. म्हणूनच पाच वर्षांच्या झाडाने सहज सोसलेली छाटणी पन्नास वर्षांच्या त्याच जातीच्या झाडाला मारू शकते.

त्यातच नवे पान जन्मतःच कमावते नसते. कळीतून बाहेर पडल्यापासून साधारण अर्धे उमलेपर्यंत पान इतर भागांकडून साखर घेते, आणि त्यानंतरच ते साखर बाहेर पाठवू लागते. त्यामुळे पालवी फुटण्याच्या काळात कोठारातला साठा झपाट्याने खाली उतरतो आणि पाने पूर्ण वाढून टणक झाली की तो हळूहळू भरू लागतो. साठा तळाला गेलेला असताना पानांवर किडीचा मोठा हल्ला झाला, कडक दुष्काळ पडला किंवा कोणी तीच कोवळी फूट 'फार अस्ताव्यस्त वाढली' म्हणून पुन्हा खरडून काढली, तर झाडाला दुसऱ्यांदा पालवण्यासाठी जवळजवळ काही उरत नाही. अशी झाडे त्याच वर्षी मरतीलच असे नाही. पहिल्या वर्षी ती हिरवी दिसतात, दुसऱ्या वर्षी पाने विरळ आणि लहान येतात, आणि तिसऱ्या वर्षी एखाद्या कोरड्या आठवड्यात ती अचानक वाळतात. तोपर्यंत छाटणीची आठवणही कोणाला राहिलेली नसते आणि दोष वाळवीला किंवा उन्हाला दिला जातो.

छाटणीनंतरची फूट पहिल्यापेक्षा जोमदार दिसते, कोंब सरळ वर जातात आणि पाने नेहमीपेक्षा मोठी असतात, हे पाहून छाटणीने झाडाला नवे बळ मिळाले असे अनेकांना वाटते. याचे कारण साधे आहे. पूर्वी हजारो शेंड्यांना पाणी आणि खनिजे पुरवणारी मुळे आता मोजक्याच कोंबांना पुरवठा करीत असतात. हा दिलासा तात्पुरता असतो. साखर न मिळाल्यामुळे बारीक शोषक मुळे मरू लागतात आणि जमिनीखालचा पसारा वरच्या पानोऱ्याच्या मापाला येतो. पानोरा परत वाढला की मुळेही परत वाढतात, पण मधला काळ झाडासाठी नाजूक असतो.

एवढे समजले, की वृक्षनिगेतील एक रूढ दंडक आपोआप कळतो : एका वाढीच्या हंगामात जिवंत पानोऱ्याच्या २५ टक्क्यांहून अधिक भाग काढू नये, आणि झाड वयस्क किंवा आधीच आजारी असेल तर याहूनही कमी काढावा. हा आकडा म्हणजे निसर्गनियम नव्हे. एखादे तरुण, निरोगी झाड निम्मा पानोरा गमावूनही उभे राहते. तरीही ज्या झाडाचा तीन-चतुर्थांश किंवा संपूर्ण पानोरा गेला आहे त्याच्याबद्दल 'काही होत नाही' असे म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

आता नवे कोंब मुळात येतात कुठून ते पाहू, कारण सावरणे हे साठ्याइतकेच या गोष्टीवर अवलंबून असते. प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते, तिला बागकाम करणारे डोळा म्हणतात. सगळे डोळे फुटत नाहीत. काही वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात, आणि खोड जाड होत जाते तसे तेही दरवर्षी थोडे थोडे बाहेर सरकत सालीच्या लगेच खाली टिकून राहतात. फांदीचा शेंडा जिवंत असताना तो ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार करतो. ते खाली वाहत येते आणि खालच्या डोळ्यांना दबावात ठेवते. बाकला (ब्रॉड बीन) या शेंगवर्गीय रोपाचा शेंडा खुडून तेथे ऑक्सिन लावल्यास खालचे डोळे निजलेलेच राहतात, हे १९३० च्या दशकातच प्रयोगाने दाखवले गेले होते. पुढील संशोधनात मुळांकडून येणारी इतर संप्रेरके आणि डोळ्यापर्यंत पोचणारी साखर यांचाही यात वाटा असल्याचे दिसून आले. शेंडे कापले गेले, की हा दबाव एकाएकी उठतो आणि कापाखालचे निद्रिस्त डोळे एकदम जागे होतात. छाटलेल्या सोटाच्या टोकाशी झाडूसारखा कोंबांचा झुबका येतो तो यामुळे. याशिवाय काही झाडे जखमेच्या कडेला तयार होणाऱ्या नव्या ऊतीतून पूर्णपणे नवे डोळेही निर्माण करतात.

ही देणगी सर्व झाडांना सारखी मिळालेली नाही. कडुनिंब, शेवगा, पेरू, वड, पिंपळ, निलगिरी ही झाडे जुन्या लाकडातून मुबलक फुटतात. आंब्याची जुनी झाडे जाड फांद्यांपर्यंत मागे घेऊन त्यांचे पुनरुज्जीवन करता येते, मात्र ते काम टप्प्याटप्प्याने आणि नंतर नीट निगा राखून करावे लागते. थंड प्रदेशातील विलो, प्लेन आणि लाइम (म्हणजे लिंडेन, लिंबू नव्हे) ही झाडेही छाटणी चांगली सोसतात. बर्च आणि बीच मात्र, विशेषतः वय झाल्यावर, फारशी फुटत नाहीत. पाइन, सायप्रस, थुजा यांसारखी बहुतेक सूचिपर्णी झाडे या बाबतीत सर्वांत असहाय असतात. त्यांच्या फांदीचा हिरवा भाग संपून तपकिरी, बिनपानांचे लाकूड जेथे सुरू होते त्याच्या आत कापले, तर तेथे फुटण्यासाठी जिवंत डोळाच नसतो आणि ती फांदी कायमची वाळते. यू आणि कोस्ट रेडवुड यांसारखे अपवाद थोडेच. ताड-माड वर्गातील झाडांची गोष्ट तर अगदी वेगळी आहे. नारळाला वाढीचा एकच कोंब असतो, तोही अगदी शेंड्यात. तो कापला गेला तर कितीही पाणी आणि खत दिले तरी ते झाड परत फुटत नाही. म्हणून छाटलेल्या झाडाविषयी मत देण्यापूर्वी ते कोणते झाड आहे हे आधी विचारावे; पुष्कळदा अर्धे उत्तर तेवढ्यानेच मिळते.

कलमी झाडांच्या बाबतीत एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. कलमाचा सांधा जमिनीपासून फार उंच नसतो आणि त्याच्या खालचा भाग दुसऱ्याच, बहुधा रानटी जातीचा खुंट असतो. वरचा भाग जबर कापला गेला, की खुंटाचे डोळे जागे होतात आणि ते कलमाच्या फुटीपेक्षा वेगाने वाढतात. त्यांना तसेच वाढू दिले तर काही वर्षांत झाड हिरवेगार उभे राहते, पण ते आपण लावलेले झाड नसते. सांध्याखालून आलेला कोंब कोवळा असतानाच काढून टाकावा. पहिल्या वर्षी मुद्दाम काढावा असा हा जवळजवळ एकमेव फुटवा आहे.

साठा पुरेसा आहे आणि डोळेही जागे झाले, तरी तिसरी बाब उरते, आणि ती अनेक वर्षे पाठ सोडत नाही. ती म्हणजे जखमा. माणसाच्या त्वचेवरची जखम भरते तेव्हा बिघडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाची जखम या अर्थाने कधीच भरत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून जखमांच्या मागे लाकडात काय घडते ते पाहिले आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मांडणीत त्यांनी ते स्पष्ट केले : झाड बिघडलेला भाग दुरुस्त करीत नाही, तो भाग भिंती घालून वेगळा करते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. या भिंती चार प्रकारच्या असतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या वर-खाली बुजवून झाड पहिली भिंत घालते, आणि तीच सर्वांत कमकुवत असते. म्हणूनच कुजणे खोडात उभ्या दिशेने लांबवर पसरते. दुसरी भिंत वार्षिक वलयांची, ती कुजणे आत गाभ्याकडे जाण्याला अडवते. तिसरी त्रिज्येच्या दिशेने गेलेल्या जिवंत पेशींच्या पट्ट्यांची, ती आडव्या पसरण्याला रोखते. चौथी भिंत सर्वांत भक्कम असते. जखम झाल्यानंतर सालीखालचा वाढीचा थर, म्हणजे कँबियम, ती तयार करतो, आणि जखमेच्या वेळी असलेले लाकूड व त्यानंतर वाढलेले लाकूड यांच्यामध्ये ती उभी राहते. पोकळ खोडाची झाडे दशकानुदशके हिरवी राहतात ती या चौथ्या भिंतीमुळे.

भिंती बांधायलाही अन्न लागते, आणि जबर छाटणीत नेमके अन्न तुटलेले असताना झाडावर एकाच वेळी अनेक मोठ्या जखमा होतात. मनगटाहून बारीक फांदीचा काप निरोगी झाड काही वर्षांत कडेने वाढणाऱ्या लाकडाने झाकून टाकते. मांडीएवढ्या जाड फांदीच्या कापात मात्र मधला गाभा उघडा पडतो. त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, आणि जखमेचे तोंड मिटण्याच्या कितीतरी आधी बुरशी आत पोचलेली असते.

काप कोठे घेतला यावरही बरेच अवलंबून असते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर वळी असते. बचावाची खरी यंत्रणा या वळीत असते. काप वळीच्या लगेच बाहेर असेल तर जखमेभोवती पूर्ण गोल कडा तयार होतो. वळीसकट खोडाला लागून काप घेतला असेल तर खोडाच्याच लाकडाला जखम होते. आणि वळीपासून हातभर बाहेर सोट सोडला असेल तर त्या सोटावर पाने नसल्यामुळे तो उपाशी राहून वाळतो आणि कुजणे आत नेणारी वाट बनतो. फांदी आखूडच करायची असेल तर ती दुसऱ्या जिवंत उपफांदीपर्यंत मागे घ्यावी आणि ती उपफांदी कापलेल्या भागाच्या किमान एक-तृतीयांश जाडीची असावी, असा संकेत आहे. सर्व शेंडे एकाच उंचीवर सरसकट उडवणे या सगळ्याच्या विरुद्ध जाते.

येथे एक रास्त शंका निघते. मग काही झाडे दर वर्षी किंवा दर काही वर्षांनी पार बोडकी केली जातात आणि तरी शेकडो वर्षे जगतात, ती कशी? अशी झाडे खरोखर आहेत. फरक असा, की त्यांची छाटणी ती लहान असतानाच सुरू झालेली असते, दर वेळी ठरलेल्या त्याच जागी कापले जाते, आणि काढल्या जाणाऱ्या फांद्या काही वर्षांच्याच, बारीक असतात. त्या जागी कालांतराने गाठ तयार होते, तीत निद्रिस्त डोळे आणि साठा दोन्ही एकवटतात, आणि कापणारा त्या गाठीला धक्का लावत नाही. चाळीस वर्षे मोकळे वाढलेले झाड एका दिवसात सोटांवर आणणे आणि ही रीत यांत नावापुरतेच साम्य आहे.

आता छाटणी होऊन गेलेली आहे आणि झाड समोर उभे आहे, असे समजू. ते जिवंत आहे का हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे बारीक फांदीवरची साल नखाने किंचित खरवडणे. आत हिरवट आणि ओलसर दिसले तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर तो भाग मेला आहे. टोकाकडून सुरुवात करून खोडाकडे यावे, म्हणजे जिवंत भाग कुठे सुरू होतो ते कळते. जाड सालीच्या खोडावर चाकूचा अगदी लहान चरा पुरतो, आणि तो पुन्हा पुन्हा घेऊ नये. मात्र ही कसोटी आजची स्थिती सांगते, उद्याची नाही. छाटल्यानंतर पहिले काही आठवडे तर प्रत्येक सोट आतून हिरवाच दिसेल.

छाटणी कधी झाली हेही विचारात घ्यावे. कोठार भरलेले आणि वाढ थांबलेली असताना, नव्या पालवीच्या अगदी आधी झालेली छाटणी झाडाला त्यातल्या त्यात सोसवते. पालवी नुकतीच फुटून पाने कोवळी असताना झालेली छाटणी सर्वांत वाईट, कारण त्या वेळी साठा खर्च झालेला असतो आणि त्याची परतफेड सुरूही झालेली नसते. कडक उन्हाच्या तोंडावर केलेली छाटणी आणखी एक इजा करते. इतकी वर्षे सावलीत असलेली पातळ साल एकाएकी थेट उन्हात येते, भाजते, काही महिन्यांनी तडकते आणि तिच्याखालचे कँबियम मेलेले आढळते. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांच्या उन्हाच्या बाजूला पातळ चुना किंवा पाण्यात कालवलेला पांढरा रंग लावल्यास ऊन परतवले जाते आणि हा धोका कमी होतो. माझ्या दृष्टीने छाटणीनंतर लगेच करण्यासारखे हे सर्वांत उपयोगी काम आहे, आणि नेमके तेच फारसे कोणी करीत नाही.

याउलट कापांवर डांबर किंवा तेलरंग फासण्याची सवय सगळीकडे आहे. त्याने कुजणे थांबत नाही; उलट लेपाखाली ओल धरली जाऊन बुरशीला आसरा मिळू शकतो. फळबागेत मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावतात, ते बुरशीनाशक आहे आणि विशिष्ट रोगांपासून बचाव म्हणून त्याला जागा आहे, पण त्यानेही जखम भरत नाही. वाळलेले, फाटलेले, साल लोंबत असलेले सोट मात्र वळीपर्यंत स्वच्छ कापून घ्यावेत.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके टाळावीत. पाने नसलेल्या झाडाला पूर्वीइतके पाणी लागत नाही, आणि काळजीपोटी रोज पाणी घालून चिखल केला तर हवा न मिळाल्यामुळे उरलीसुरली मुळेही गुदमरतात. माती वीतभर खोल खणून पाहावी आणि कोरडी लागली तरच सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. पानोरा वाढेल तशी ही गरज वाढत जाते. बुंध्याभोवती, पण बुंध्याला न टेकता, पालापाचोळ्याचे आच्छादन पसरल्यास ओल टिकते आणि मुळांच्या वरच्या थराचे तापमान सौम्य राहते. झाडाखालची माती तुडवली जाऊ देऊ नये आणि खोदूही नये, कारण शोषक मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात.

खताचा मोह सर्वांत अनावर असतो. आजारी माणसाला पौष्टिक खाऊ घालावे तसे झाडाला युरिया द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. पण नत्र मिळाले की झाड आणखी कोंब काढते, म्हणजे आधीच कमी झालेल्या साठ्यातून आणखी खर्च करते, आणि ती लुसलुशीत वाढ किडींना प्रिय असते. मातीत एखाद्या घटकाची कमतरता असल्याचे परीक्षणातून दिसले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पहिले वर्ष नत्रयुक्त खत न देणेच चांगले.

फुटव्यांचे काय करावे? पहिल्या हंगामात, कलमाच्या सांध्याखालचे सोडून, त्यांना हात लावू नये. सरळसोट वाढणारे हे पाणसोट ओबडधोबड दिसतात आणि झाड 'सुधारण्याची' इच्छा होते, पण त्या क्षणी झाडाकडे असलेली सारी पाने त्यांच्यावरच असतात. दुसऱ्या विश्रांतीच्या काळापासून, एका खेपेस त्यांच्या साधारण एक-तृतीयांशाहून अधिक न काढता, दोन-तीन वर्षांत विरळणी करावी. बाहेरच्या दिशेने वाढणारे, एकमेकांपासून अंतर राखून असलेले आणि बुडाशी जाड होत चाललेले कोंब ठेवावेत. एकाच ठिकाणाहून निघालेल्या दहा कोंबांपैकी शेवटी एक किंवा दोनच फांद्या व्हायच्या असतात.

विरळणी केवळ देखणेपणासाठी नसते. मूळची फांदी लहानपणापासून खोडाबरोबर वाढलेली असते, तिच्या बुडावर दरवर्षी खोडाच्या लाकडाचा थर चढत गेलेला असतो आणि त्यामुळे ती आत रुतलेली असते. छाटणीनंतरचा फुटवा जुन्या सोटाच्या फक्त सर्वांत बाहेरच्या थराला धरून असतो, आणि तो सोट आतून कुजत असण्याची शक्यता मोठी असते. पाच-सात वर्षांत तो फुटवा चांगला उंच आणि वजनदार होतो, पण त्याची पकड तेवढी झालेली नसते, आणि वादळात अशाच फांद्या बुडापासून निखळतात. ज्या झाडाखालून माणसांची ये-जा आहे त्याच्या बाबतीत, झाड जगले तरी, ही जोखीम पुढे कित्येक वर्षे लक्षात ठेवावी लागते. बुंध्याशी किंवा कापांवर पंख्यासारखी कठीण अळंबी उगवणे, कापाखालची साल पट्ट्यांनी सुटणे, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, बुंध्याजवळची माती एका बाजूला उचलली जाणे ही लक्षणे दिसली तर वर पाने कितीही दाट असली तरी झाडांची तपासणी जाणणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. पाने कँबियमची आणि बाहेरच्या थरांची स्थिती सांगतात. आतले लाकूड वजन पेलण्यास किती समर्थ आहे हे त्यांच्यावरून कळत नाही.

फुले आणि फळे लवकर आली नाहीत तर काळजी करू नये. जोमदार कोवळ्या फुटीवर बहुतेक फळझाडे दोन-तीन वर्षे बहर धरत नाहीत, आणि तेवढ्या काळात साखर लाकडाकडे आणि मुळांकडे जाते, हे झाडाच्या हिताचेच आहे. अशक्त झाडाला अचानक भरघोस बहर आला तर मात्र त्याने हुरळून जाऊ नये. ताणाखालच्या झाडांत असे होऊ शकते, आणि लहान फळे वेळीच खुडून टाकली तर तेवढा भार हलका होतो.

झाड खरेच सावरत आहे का याचा अंदाज घेण्यासाठी एक साधी नोंद ठेवता येते. सूर्यप्रकाश चांगला मिळणाऱ्या चार-पाच फुटव्यांना खुणेची दोरी सैल बांधावी आणि दर हंगामाच्या शेवटी त्या वर्षी त्यांची लांबी किती वाढली ते मोजावे. पानगळ होणाऱ्या अनेक जातींत शेंड्याच्या कळीचे खवले गळून गेल्यावर डहाळीवर बारीक वळ्यांची खूण राहते. दोन खुणांमधले अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ, त्यामुळे नोंद ठेवली नसेल तरी मागची काही वर्षे डहाळीवर वाचता येतात. पहिल्या वर्षीची वाढ हिशोबात धरू नये, कारण ती जुन्या साठ्यावर झालेली असते. दुसऱ्या वर्षी वाढ कमी होणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या वर्षी ती स्थिरावली असेल, पानांचा आकार त्या जातीच्या नेहमीच्या मापावर आला असेल आणि कापांच्या कडेने लाकडाची वळी स्पष्ट जाड होत असेल, तर झाड स्वतःच्या कमाईवर उभे राहिले आहे. वाढ दरवर्षी निम्म्याने घटत असेल, पाने लहान आणि फिकट होत असतील आणि शेंडे वरून वाळत येत असतील, तर कोठार रिकामे होत आहे. अशा वेळी उरलेल्या हिरव्या भागाला अजिबात न छाटता केवळ पाणी आणि आच्छादन यांवर आणखी एक हंगाम द्यावा, आणि त्यानंतरही घसरण थांबली नाही तर त्याच्या सावलीच्या कडेला नवे रोप लावून ठेवावे.